नडगीचं दुखणं: बूट, ओझं आणि कारणाचा शोध

मंडळी, आजच्या विषयाचं नाव वाचून काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. आयुष्यभर न्यायदर्शन आणि कांट शिकवलेल्या माणसाने नडगीच्या दुखण्यावर का बोलावं? त्यासाठी डॉक्टर आहेत, कोच आहेत. खरं आहे. उपचार त्यांनीच करावेत, आम्ही त्यात हात घालणार नाही. पण उपचाराच्या आधी एक प्रश्न असतो, की हे झालं कशामुळे? हा 'कशामुळे' मात्र आमच्या गल्लीतला आहे. तेवढ्यापुरतं बोलायचा आम्हांला हक्क आहे, असं आम्ही समजतो.

आणि हा प्रश्न आपल्या दोन जिल्ह्यांत रोज पहाटे विचारला जातो. सांगली-मिरज रस्त्याच्या कडेनं बघा, साताऱ्यात जिल्हा क्रीडा संकुलाच्या आसपास बघा, माण-खटाव-जतच्या गावांबाहेरच्या डांबरी रस्त्यांवर बघा. अजून उजाडलेलंही नसतं आणि पोरं-पोरी पळत असतात. त्यांतली बरीचशी भरतीची. सैन्यात नाहीतर पोलिसात जायचं, ही आपल्याकडची जुनी वाट आहे. अपशिंगे गावाच्या नावाला 'मिलिटरी' हा शब्द लोकांनीच जोडला आहे. देशातली पहिली सैनिक शाळा 1961 साली साताऱ्यातच उघडली. आज पोलीस शिपाई भरतीला 50 गुणांची मैदानी चाचणी असते. मुलांना 1600 मीटर, मुलींना 800 मीटर, शिवाय 100 मीटर आणि गोळाफेक. एकेका गुणावर नोकरी अडते. वयाची अट डोक्यावर असते. आणि ऐन चाचणीच्या महिन्यात पोरगं लंगडत घरी येतं. आई विचारते, काय झालं? ते म्हणतं, 'शिन पेन.' आजी म्हणते, 'नडग्या भरल्यात.' शब्द दोन, दुखणं एक. निदान तसं वाटतं तरी.

मग सगळे मिळून बुटाला धरतात. "बूटच बेकार आहे, चांगल्या कंपनीचा घे." बाप कुठून तरी पैसे उभे करतो, नवा बूट येतो. कधी दुखणं थांबतं, कधी थांबत नाही. थांबलं नाही की पोराला वाटतं, आपल्या पायातच खोट आहे. आजचा सगळा विचार या जागेवर करायचा आहे. बूट दोषी कधी असतो आणि कधी नसतो?

कारण कशाला म्हणावं, यावर आपल्याकडे नैयायिकांनी फार बारीक विचार केला आहे. त्यांचं नेहमीचं उदाहरण मडक्याचं. मडकं घडायला माती लागते, चाक लागतं, चाक फिरवायचा दांडा लागतो, कुंभार लागतो. ही झाली कारणं. पण मडकं होण्याआधी आणखीही बरंच काही हजर असतं. दांड्याला काही रंग असतो. कुंभाराला बाप असतो. माती वाहून आणणारं गाढव दारात उभं असतं. ही सगळी मडक्याच्या आधी आहेत, पण त्यांना कारण म्हणता येत नाही. विश्वनाथ पंचाननांच्या 'भाषापरिच्छेद' या ग्रंथात अशा गोष्टींचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यांचं नाव 'अन्यथासिद्ध'. म्हणजे हजर असलेलं, पण कार्य घडवण्यात ज्याचा हात नाही असं. पाचवा प्रकार म्हणजे ते बिचारं गाढव. माती डोक्यावरून आणली तरी मडकं होतंच.

आता आपला प्रश्न सोपा झाला. नडगीच्या दुखण्यात बूट म्हणजे दांडा की गाढव? आमचं उत्तर असं, की दुखणं कुठलं आहे त्यावर ते अवलंबून आहे. कारण 'नडगी दुखते' या एका वाक्याखाली निदान तीन वेगळी दुखणी दडलेली असतात.

पहिलं, बाहेरून होणारं. बुटाची वरची कड किंवा जीभ नडगीवर दाबते, घासते, आपटते. हाडाच्या पुढच्या बाजूला, बूट जिथे लागतो नेमकं तिथेच लाल होतं, सुजतं, हात लावला तरी झोंबतं. दुसरं, आतून होणारं. नडगीच्या आतल्या कडेनं, घोट्याच्या वरच्या भागात, चांगलं चार-पाच बोटं लांबीभर ठणकतं. पळायला सुरुवात केली की दुखतं, अंग तापलं की कमी होतं, थांबल्यावर पुन्हा सुरू. भरतीच्या पोरांचं 'शिन पेन' बहुतेक वेळा हे. तिसरंही आतलंच, पण एका बिंदूवरचं. बोट ठेवून दाखवता येतं, "इथं." हे हाडाला पडू लागलेल्या बारीक चिरेचं लक्षण असू शकतं. या तिघांना एका पोत्यात घालून 'बूट बदल' म्हणणं म्हणजे ताप आला की कसला ते न बघता एकच गोळी देण्यासारखं आहे.

पहिल्या दुखण्यापासून सुरुवात करू, कारण तिथे बूट निःसंशय दांडा आहे, गाढव नव्हे. त्याचं सगळ्यांत स्पष्ट रूप दिसतं ते बर्फावर घसरण्याच्या खेळात, स्कीइंगमध्ये. तुम्ही म्हणाल, आमच्याकडे बर्फ कुठला? बर्फ नाही, पण बर्फाकडे जाणारी पोरं आहेत. साताऱ्याची प्रियांका मोहिते 2013 साली एव्हरेस्टवर पोचली, आणि 2022 साली कांचनजंगा सर करून आठ हजार मीटरवरची पाच शिखरं गाठणारी पहिली भारतीय महिला ठरली. सह्याद्रीत गडकिल्ले पालथे घालणारी आपली मुलं आता उत्तरकाशी, मनाली इथे गिर्यारोहणाच्या कोर्सला जातात. गुलमर्ग नाहीतर औलीला स्कीइंग शिकून येतात. तिथे बूट बहुधा स्वतःचे नसतात. संस्थेचे किंवा भाड्याचे मिळतात, आणि रांगेत उभं राहून घाईघाईत पायात घालायचे असतात.

स्कीचा बूट ही अजब वस्तू आहे. पूर्वी तो चामड्याचा आणि बुटका असायचा. 1960 च्या दशकात अमेरिकेत बॉब लँग यांनी प्लॅस्टिकचा बूट बाजारात आणला, आणि पुढे सगळे बूट कडक आणि उंच होत गेले. पूर्वी पडल्यावर घोटा मोडायचा, तो वाचू लागला. पण जोर जातो कुठे? तो वर सरकला, नडगीवर आणि गुडघ्यावर. आता स्की वळवायची कशी, तर गुडघे वाकवून नडगी बुटाच्या जिभेवर पुढे रेलायची. म्हणजे नडगी हीच इथे गाडीचं हँडल. हँडल धरायच्या जागी थोडी जरी फट राहिली, तरी प्रत्येक वळणाला नडगी पुढे जाऊन आपटते, मागे येते, पुन्हा आपटते. दिवसभरात असे शेकडो हादरे बसतात. संध्याकाळी पाय बाहेर काढला की नडगीला नुसता मोजा लागला तरी जीव कळवळतो.

इथे एक उलटी गोष्ट ध्यानात घ्या. आपली रोजची समजूत अशी, की बूट दुखतो म्हणजे तो घट्ट आहे, सैल करा. स्कीच्या बुटात नडगीचं दुखणं बऱ्याचदा बूट सैल असल्यामुळे होतं! पोरगं थंडीच्या भीतीनं दोन-दोन जाड मोजे घालतं, त्यासाठी एक नंबर मोठा बूट मागतं. तासाभरात मोजे दबतात, बुटाच्या आतलं अस्तर दबतं, पाय आत खेळू लागतो. वर दुखलं म्हणून ते वरचं बक्कल ढिलं करतं. मग नडगी आणखी जोरात आपटते. औषधानेच रोग वाढवला, असं होतं.

मग करायचं काय? बुटाचा नंबर इथे सेंटिमीटरमध्ये असतो, म्हणजे पायाची लांबी 26 सेंटिमीटर तर बूटही 26 चा. घरूनच भिंतीला टाच लावून, कागदावर पाय ठेवून माप घेऊन जावं. बुटाच्या आतलं मऊ अस्तर बाहेर काढता येतं. ते काढून नुसत्या कडक खोळीत पाय घालावा, बोटं पुढे टेकवावीत आणि टाचेमागे किती जागा उरते ते बघावं. एक बोटही मावत नसेल तर बूट लहान. दोन बोटांपेक्षा जास्त मावत असतील तर मोठा. मोजा एकच, पातळ, गुडघ्याखालपर्यंत येणारा, सुरकुती न पडणारा. थर्मल पँटचा पाय बुटात कोंबायचा नाही, ती घडी नडगीवर काट्यासारखी बसते. बूट घातल्यावर टाच दोन-तीनदा जमिनीवर आपटून मागे नीट बसवावी, मग बक्कलं लावावीत. पावलावरची हलक्या हातानं, घोट्यावरची आणि नडगीजवळची व्यवस्थित. ताठ उभं राहिलं की बोटं पुढे जेमतेम टेकावीत, आणि गुडघे वाकवले की ती किंचित मागे सरकावीत. नडगी आणि जीभ यांच्यात फट नको. अंगानं हलक्या मुलामुलींनी फार कडक बूट घेऊच नये, कारण तो वाकत नाही, आणि जे वाकत नाही ते नडगीला मारतं. शेवटची गोष्ट बुटाची नाही, माणसाची. नवशिका घाबरून मागे रेलतो. मागे रेललं की नडगी जिभेवर रेलण्याऐवजी तिच्यावर आपटत राहते. तेव्हा बूट तपासून झाला की उभं राहण्याची ढबही गुरूकडून तपासून घ्यावी.

हाच न्याय घोट्याच्या वर जाणाऱ्या इतर बुटांना लावता येतो. सैन्यातला, एनसीसीतला उंच बूट, ट्रेकिंगचा बूट, पावसात शेतावर घालायचा गमबूट. कड जिथे नडगीला लागते तिथली नाडी एक भोक सोडून ओवावी, जीभ सरळ मध्यावर ठेवावी, मोजा कडेच्या वर यावा, आणि नवा बूट पहिल्या दिवशी 20 किलोमीटर चालायला काढू नये.

आता आपल्या कोल्हापुरीकडे या. कोल्हापुरी चपलेला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालं. नावात कोल्हापूर असलं तरी त्यात महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे आहेत, आणि सातारा नि सांगली हे त्या चारांतलेच. नवी कोल्हापुरी चावते. आपण तेल लावतो, दोन-चार दिवस घरात घालून फिरतो, आणि ती हळूहळू पायाचा आकार घेते. चामडं ऐकतं. म्हणून आपल्या मनात पक्कं बसलंय, की पायताण आधी चावणार, मग सरावणार. प्लॅस्टिकचं आणि रबराचं पायताण मात्र ऐकत नाही. धावण्याचा बूट दुकानात चावला तर तो पुढेही चावणार. "घालून घालून सैल होईल" हा दुकानदाराचा दिलासा कोल्हापुरीला लागू पडतो, इतरांना नाही.

दुसऱ्या दुखण्याकडे वळू. इथे प्रकरण अवघड होतं. हाड म्हणजे दगड नव्हे, ते जिवंत असतं. त्याच्यावर नेहमीपेक्षा जास्त भार पडू लागला की ते स्वतःला नव्यानं बांधून घेतं. पण जुन्या भिंतीची डागडुजी करताना गवंडी आधी खिळखिळ्या विटा काढतो, मग नव्या बसवतो. हाडाचंही तसंच. काढण्याचं काम काही आठवड्यांत होतं, भरून पक्कं व्हायला काही महिने लागतात. म्हणजे मधला एक काळ असा येतो, की पोरगं जास्त पळतंय आणि हाड तात्पुरतं कच्चं आहे. जाहिरात निघाली, चाचणी तीन महिन्यांवर आली, म्हणून काल शून्य किलोमीटर पळणारा पोरगा आज रोज आठ किलोमीटर पळू लागला, तर तो नेमका या कच्च्या काळात सापडतो.

मग इथे बूट काय करतो? अमेरिकेत 2009-10 च्या सुमारास लष्कर, मरीन आणि हवाई दल, तिघांच्याही नव्या जवानांवर प्रयोग झाले. एका गटाला तळव्याच्या कमानीचा आकार बघून 'योग्य' प्रकारचा बूट दिला, दुसऱ्या गटाला सरसकट एकच प्रकार. दुखापतींत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. 'सपाट पायाला अमुक बूट, उंच कमानीला तमुक' या दुकानातल्या शास्त्राला हा मोठाच धक्का होता. याउलट 2001 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग बघा. कॅनडातल्या संशोधकांनी सैनिकांपुढे बुटात घालायचे वेगवेगळे तळ ठेवले आणि सांगितलं, तुम्हांला जो सगळ्यांत आरामाचा वाटतो तो निवडा. असे तळ वापरणाऱ्यांना दुखापती कमी झाल्या. आणि निवड प्रत्येकाची वेगळी होती.

नैयायिकांच्या भाषेत सांगायचं तर बुटाची कंपनी, किंमत, रंग, जाहिरातीतला खेळाडू हा सगळा दांड्याचा रंग आहे. अन्यथासिद्ध. बूट पायाला बसतो की नाही, हा मात्र दांडा आहे. आणि एकाएकी वाढवलेलं ओझं म्हणजे खुद्द कुंभार. कुंभाराला सोडून दांड्याच्या रंगाशी भांडण्यात आपल्या पोरांचे पैसे आणि महिने जातात, आणि दोन्ही त्यांच्याकडे मुळातच कमी असतात.

बसतो की नाही, हे ओळखायचं कसं? एक गोष्ट आधी समजून घ्या. आपल्याकडे चालणारे नंबर ब्रिटिश मापाचे आहेत. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनं अलीकडे देशभरातल्या एक लाखाहून अधिक लोकांच्या पावलांची मोजणी केली, आणि भारतीय पाऊल युरोपीय पावलापेक्षा रुंद असल्याचं त्यातून पुढे आलं. भारतीय मापांच्या नव्या पद्धतीला 'भा' असं नावही सुचवलं गेलं. आता, लहानपण अनवाणी नाहीतर चपलेत गेलेलं आपलं पोर, त्याचा चवडा पसरट. बूट अरुंद. मग ते काय करतं? रुंदी मिळवण्यासाठी लांबीचा नंबर वाढवतं. चवड्याला बरं वाटतं, पण टाच मागे सुटते. टाच सुटली की प्रत्येक पावलाला बोटं आवळून बूट धरून ठेवावा लागतो, आणि ते काम पोटरी-नडगीच्या स्नायूंवर येतं.

म्हणून बूट संध्याकाळी घ्यावा, दिवसभरात पाय थोडा फुगलेला असतो. ज्या मोज्यात पळायचं तोच मोजा घालून जावं. दोन्ही पाय मोजावेत. ते सारखे नसतात, मोठ्या पायाचं माप धरावं. सगळ्यांत लांब बोटापुढे, मग ते अंगठा असो की त्याच्या शेजारचं, अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. चवडा दोन्ही बाजूंनी दाबला जाऊ नये. टाच उचलली तर बुटासकट उचलली जावी. थोडी सुटत असेल तर घोट्याजवळच्या शेवटच्या जादा भोकातून नाडी ओवून बघावी, पुष्कळदा तेवढ्यानं काम होतं. मग दुकानाच्या बाहेर रस्त्यावर थोडं पळून बघावं. दुकानदार कुरकुर करील, करू द्या. थोरल्या भावाचा झिजलेला बूट वापरायची वेळ अनेकांवर येते. त्याला आम्ही नावं ठेवणार नाही. पण तो टेबलावर ठेवून मागून बघा. एका बाजूला कललेला असेल, तळ दाबून उसळत नसेल, तर तो चालायला वापरा, पळायला नको.

आणि बदल एकदम करू नका. साध्या बुटातून स्पाइकमध्ये, बुटातून अनवाणी, मातीवरून डांबरावर, सपाटीवरून घाटात, हे सगळे बदल हाडाच्या लेखी नवं ओझं आहेत. साताऱ्यात 2012 पासून हिल हाफ मॅरेथॉन होते. 21 किलोमीटर, यवतेश्वरच्या घाटातून वर जायचं आणि परत यायचं. चढताना दम लागतो म्हणून सगळ्यांना चढाची भीती वाटते. नडगीला खरा मार बसतो तो उतरताना. शरीर वेगानं खाली येतं आणि प्रत्येक पाऊल म्हणजे एक ब्रेक. उताराचा सरावही चढासारखाच हप्त्यानं, थोडा-थोडा वाढवायचा असतो. दर आठवड्याला दहा टक्के वाढवा, असा एक ठोकताळा सांगतात. तो नियम नव्हे, अंदाज आहे. आम्ही एवढंच म्हणू, की अंतर आणि वेग ही दोन्ही एकाच आठवड्यात वाढवू नयेत, आणि दर तीन-चार आठवड्यांनी एक आठवडा हलका ठेवावा.

माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर आठवा. 2016 साली रिओ ऑलिंपिकमध्ये 3000 मीटर स्टीपलचेसच्या प्राथमिक फेरीत 9 मिनिटं 19.76 सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम करून ती अंतिम फेरीत गेली आणि दहावी आली. या शर्यतीत 28 अडथळे आणि पाण्यावरच्या सात उड्या असतात. प्रत्येक उडीनंतर सगळं वजन एका पायावर येतं. एवढा मार सोसणारी नडगी कुणाला तीन महिन्यांत मिळत नाही. ती वर्षानुवर्षांच्या सरावानं घडते.

तिसऱ्या दुखण्याबद्दल थोडं, पण गंभीरपणे. एका जागी बोट ठेवून दाखवता येणारं दुखणं, रात्री झोपेत ठणकणारं, चालतानाही न थांबणारं, एका पायावर उडी मारली की कळ नेणारं, असं काही असेल तर पळणं त्याच दिवशी बंद करायचं आणि हाडाच्या डॉक्टरांकडे जायचं. सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत साध्या एक्स-रेमध्ये चीर दिसत नाही, असं अनेकदा होतं. "एक्स-रे नॉर्मल आहे, पळ" हा निष्कर्ष म्हणूनच कच्चा. न दिसणं आणि नसणं यांत अंतर आहे, हे तर आमच्या प्रमाणशास्त्राचं पहिलंच पाऊल. पाय दगडासारखा कडक होणं, पाऊल बधिर पडणं, पंजा वर उचलता न येणं, ही लक्षणं दिसली तर तासाचाही उशीर नको.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट घरात मोकळेपणानं बोलली गेली पाहिजे. पळणं वाढलं, खाणं तेवढंच राहिलं, पाळी लांबू लागली किंवा बंद झाली, तर ती सोय समजू नये. हाड उपाशी असल्याची ती खूण आहे. अशा हाडाला कुठलाही बूट वाचवू शकत नाही. मुलांनाही हेच. पहाटे उपाशीपोटी पळायचं आणि दुपारपर्यंत चहावर काढायची, यानं नडगी घडत नाही. आपल्याकडे नाचणी आहे, दूध आहे, शेंगदाणे आहेत, कडधान्य आहे. ते पोटात पडायला हवं.

आणि आता सगळ्यांत अवघड भाग. पोरं दुखणं लपवतात. अकॅडमीत "नाटकं करतोय" म्हणतील म्हणून लपवतात, घरी फीचे पैसे भरलेत म्हणून लपवतात, वेदनाशामक गोळी घेऊन पळतात. गोळीनं वेदना जाते, चीर तशीच राहते. उलट 'थांब' सांगणारा निरोप्याच गप्प केला जातो. तत्त्वज्ञानात एक जुना पेच आहे, की दुसऱ्याची वेदना आपल्याला थेट कळत नाही. अनुमानानं कळते, नाहीतर त्याच्या शब्दानं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, हे आपण सहज म्हणून जातो. पण त्यातून दोन कर्तव्यं निघतात. ज्याला कळतं त्यानं सांगितलं पाहिजे, आणि ज्याला कळत नाही त्यानं विचारलं पाहिजे. सांगणाऱ्याला हसलं जात असेल, तर शब्दप्रमाणाची वाटच बंद होते. मग आपल्या हातात उरतं फक्त मोडलेलं हाड. चार आठवडे थांबलेला पोरगा पुढच्या भरतीला उभा राहू शकतो. चीर घेऊन पळालेल्याचं पूर्ण वर्ष जातं, आणि वयाच्या अटीत ते वर्ष परत मिळत नाही.

व्याख्यानानंतर आलेल्या प्रश्नांपैकी तीन इथे घेतो.

एकानं विचारलं, अनवाणी पळालेलं बरं का? ज्याचा पाय लहानपणापासून सरावलेला आहे त्याला मातीवर थोडं अनवाणी पळणं बाधत नाही. पण बुटात नडगी दुखते म्हणून उद्यापासून डांबरावर अनवाणी, हा इलाज नव्हे. तो ओझ्याचा नवा हप्ता आहे.

दुसरा प्रश्न, तेलमालीश आणि बर्फ चालेल का? बर्फ कापडात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं लावला तर बरं वाटतं. पोटरीला हलक्या हातानं तेल लावा. पण बोटाएवढ्या जागी दुखणाऱ्या हाडावर रगडून मालीश मुळीच नको. आणि बरं वाटलं म्हणजे बरं झालं, असं समजू नका.

तिसरा प्रश्न एका मुलीचा होता. बूट की सराव, चूक कशात आहे हे माझं मी कसं ओळखू? तिला आम्ही अन्वय-व्यतिरेकाची जुनी रीत सांगितली. एका वेळी एकच गोष्ट बदल. सराव तोच ठेवून दोन आठवडे नाडी बदल, किंवा आतला तळ बदल. फरक पडला तर बूट. नाही पडला तर बूट तोच ठेव आणि अंतर निम्मं कर. रोज वहीत लिही. किती पळालीस, कुठल्या जमिनीवर, कशात, कुठे दुखलं, किती वेळ. आणि वही लिहिताना बोट एका बिंदूवर टेकू लागलं, तर प्रयोग तिथेच संपव आणि दवाखान्यात जा.